एकट्याच्या घरची लाईट

लाईट गेली की भाऊ प्लॅस्टिकची खुर्ची उचलून बाहेर येत आणि आमच्याबरोबर उकाड्यात बसत. यात विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घणसोलीच्या रो-हाऊसच्या गल्लीत लाईट गेली की सगळेच बाहेर येतात. पण त्या वेळी सगळ्या गल्लीत एकाच घरात लाईट असायची आणि ते घर भाऊंचं होतं. घरचा जनरेटर चालू ठेवून हा माणूस बाहेर घाम पुसत बसायचा आणि जो दिसेल त्याला विचारायचा, “त्रास नाही ना होत?”

त्रास म्हणजे आवाजाचा. आवाज व्हायचाच. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी हो म्हणायचं नाही.

आमच्या चेअरमन बाई साताऱ्याच्या. त्यांना गप्प बसणं जमत नाही. त्या म्हणायच्या, “भाऊ, आत पंखा असेल की. आमच्यात कशाला वाफ खात बसलाय?”

“पंखा नाही लावत. फक्त मशीन चालवतो.”

“मग लावा की. पंख्याला काय वेगळं पेट्रोल लागतं?”

“बरं नाही दिसत,” भाऊ म्हणायचे आणि घडी घातलेल्या वर्तमानपत्रानं वारा घ्यायचे.

मी सोसायटीची खजिनदार. उरणच्या बाजूला एका गोदामात हिशेब सांभाळण्याची नोकरी करते, त्यामुळे कुठलीही गोष्ट आकड्यात मांडल्याशिवाय मला समाधान होत नाही. मी एकदा भाऊंना सांगितलं की छताचा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट घेतो, तुमच्या जनरेटरच्या मानानं ते काहीच नाही. भाऊंनी फार आदरानं ऐकून घेतलं. मान डोलावली. पंखा लावला नाही.

‘मशीन’ म्हणजे वहिनींचं ऑक्सिजनचं मशीन. वहिनींची फुप्फुसं दोन-तीन वर्षांपासून कडक होत चालली होती. हॉस्पिटलातून त्या घरी आल्या त्या नाकात नळी घेऊनच. ते मशीन विजेवर चालतं आणि ते बंद राहून चालत नाही. घरात इन्व्हर्टर होता, पण तो तासाभरातच मान टाकायचा. एक मोठा सिलिंडर होता, पण तो अडीअडचणीपुरता. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात जमिनीखालची केबल जळाली की अख्खी दुपार जाते, कधी संध्याकाळही. म्हणजे भाऊंपुरता हिशेब सरळ होता. लाईट गेली तरी वहिनींचा श्वास चालू राहायला हवा.

पण तो श्वास चालू ठेवण्यासाठी कोणाला उपद्रव होऊ नये, हा भाऊंचा दुसरा हिशेब होता, आणि तो पहिल्याच्या आड यायचा.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. दुपारी गल्लीत शिरताना हे स्कूटर बंद करायचे आणि ढकलत घरापर्यंत न्यायचे. फाटकाची कडी वाजू नये म्हणून तिला चिंधी गुंडाळलेली होती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये प्रश्न विचारायला हात वर करायचे आणि कोणी “बोला भाऊ” म्हटलं की म्हणायचे, “नाही नाही, माझं झालं.” महाडकडचे. एका बंदराच्या कचेरीत कारकून म्हणून निवृत्त झालेले. तिथेही तीस-पस्तीस वर्षं त्यांनी हेच केलं असावं.

वहिनी अगदी उलट. बालवाडीच्या शिक्षिका होत्या, आवाज गल्लीच्या त्या टोकाला पोचायचा. आजारानंतर त्यांना श्वास मोजून बोलावं लागे. त्यामुळे झालं असं की त्या कमी बोलायला लागल्या आणि जे बोलायच्या ते नेमकं लागायचं.

जनरेटर आणला तो दिवस मला आठवतो. तळवलीतला एक मांडववाला जुनं सामान काढत होता, त्याच्याकडून घेतला. टेम्पोतून उतरवला तो चादर पांघरून. चेअरमन बाईंनी ओट्यावरूनच विचारलं, “काय आणलंत भाऊ?”

“पाण्याचा पंप,” भाऊ म्हणाले.

संध्याकाळी भाऊ त्यांच्या दाराशी जाऊन उभे राहिले. “सकाळी मी खोटं बोललो. जनरेटर आहे.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“एवढ्या मोठ्यानं विचारलंत ना. लाजलो.”

वहिनींनी हे ऐकल्यावर मला म्हटलं, “जन्मात कोणावर आवाज चढवला नाही यांनी. आता हा आणलाय, तर तो बोंबलतोय.” आणि हसता हसता त्यांना खोकला आला.

सुरुवातीला जनरेटर पुढच्या अंगणात उघड्यावर असायचा. ऑक्सिजनच्या मशीनची वायर खिडकीतून बाहेर आणून थेट जनरेटरलाच लावलेली. ही जोडणी दिसायला गबाळी होती, पण आज कळतं, तशी ती बिनधोकच होती. घराच्या वायरिंगशी तिचा संबंध नव्हता. धूर वाऱ्यानं जात होता. लाईट आली की पिन काढायची आणि भिंतीवर लावायची, संपलं.

पण त्यांच्या शेजारी एक नवीन भाडेकरू आला होता. रात्रपाळी करून दुपारी झोपायचा. त्यानं तक्रार केली नाही, हे मी आवर्जून सांगते. त्यानं एकदा फक्त खिडकी लावून घेतली. जरा जोरात लागली. ती आपटली की वाऱ्यानं आपटली, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

भाऊंना तेवढं पुरलं.

त्यानंतर लाईट गेली तेव्हा आवाज जवळजवळ आला नाही. लांबून, गोधडीखालून यावी तशी घरघर. आम्हा सगळ्यांना बरं वाटलं. चेअरमन बाई म्हणाल्या, “दुरुस्त केलात वाटतं.” भाऊ म्हणाले, “हो, जरा.” आणि आम्ही विषय बदलला. जनरेटर कुठे गेला, हे कोणीही विचारलं नाही. आवाज कमी झाला होता. तेवढ्यात आमचं भागलं होतं.

जनरेटर गेला होता स्वयंपाकघराच्या मागे, धुण्याच्या जागेत. वर पत्रा, तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला जाळी. त्या जाळीला भाऊंनी आतून खरोखरच गोधड्या बांधल्या होत्या. आणि तिथून वहिनींच्या पुढच्या खोलीपर्यंत वायर ओढायची तर दारं उघडी ठेवावी लागली असती, आवाज आत-बाहेर झाला असता. म्हणून त्यांनी दुसरी युक्ती केली. कोणीतरी सांगितली होती. वायरच्या दोन्ही टोकांना पिन बसवायची. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये. म्हणजे वीज उलटी आत शिरते आणि घरातले सगळे प्लग जिवंत होतात. फक्त त्याआधी मीटरजवळचा मेन स्विच पाडायचा. मेन पाडला नाही, तर हीच वीज घराबाहेर पडून गल्लीच्या तारांत जाते.

भाऊ मेन पाडायचे. न चुकता पाडायचे. त्यांच्यासारखा माणूस हे विसरणाऱ्यातला नव्हता, आणि ते विसरलेही नाहीत. पुढे जे झालं ते विसरण्यानं झालं नाही.

मे महिन्यातली दुपार होती. केबल पुन्हा जळाली होती. गल्लीच्या तोंडाशी वायरींची लोखंडी पेटी आहे, तिथून प्रत्येक घराला वेगळी वायर जाते. वीज कंपनीचा लाइनमन पेटी उघडून बसला होता. उरणकडचा, कंत्राटावरचा, तिशीतला. आम्ही सगळे कडुलिंबाखाली खुर्च्या टाकून त्याच्याकडे बघत होतो. भाऊही होते.

त्यानं सगळ्या घरांच्या वायरी पेटीत सोडवून ठेवल्या होत्या आणि आम्हाला मेन पाडायला लावले होते. खालचा जोड झाल्यावर तो उठून मोठ्यानं म्हणाला, “सगल्यांनी आपापले मेन चालू करून ठेवा. मी एक-एक घर जोडत येतो. कोनाचं काय र्‍हायलं तर लगेच कलंल.”

आम्ही सगळे उठलो, आत गेलो, मेन चालू केले, परत येऊन बसलो. भाऊही उठले, आत गेले, परत येऊन बसले.

त्यांनी एवढंच म्हणायला हवं होतं: ‘माझा जनरेटर चालू आहे, मी नाही करत.’ त्यासाठी एवढ्या सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं असतं. आणि जनरेटर मागच्या बाजूला चालू असतो हे सांगावं लागलं असतं. सगळे आत जाताहेत तर आपणही जावं. नंतर त्यांनी मला सांगितलं, “वाटलं, क्षणभराचा प्रश्न. सगळ्यांनी केलं, मीच कसा नाही म्हणू?”

लाइनमननं एका वायरला टेस्टर लावला आणि हात मागे घेतला. पुन्हा लावला. मग आमच्याकडे वळून, अगदी हळू आवाजात म्हणाला, “ही वायर जित्ती कशी? मागून लाईट कोन सोडतंय? कोनाच्या घरी जनरेटर हाय?”

कोणी बोललं नाही. त्याहून वाईट म्हणजे कोणी भाऊंकडे पाहिलंही नाही. प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येक जण झाडाकडे, चपलांकडे, फोनकडे बघत होता. तो सभ्यपणा होता असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. समोर एक माणूस होता, ज्याचा हात केवळ मध्ये टेस्टर होता म्हणून वाचला होता.

भाऊ उभे राहिले. “माझ्याकडे,” म्हणाले. “मेन मीच चढवला.”

“काका, मी डायरेक्ट पक्कड घातली असती तर?” लाइनमन म्हणाला. “माजी दोन पोरं हायेत.”

 भाऊ पळाले. त्यांना पळताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. त्या घाईत मेन पाडायचं सोडून त्यांनी मागे जाऊन जनरेटरच बंद केला. पुढच्या खोलीतून ऑक्सिजनच्या मशीनची शिट्टी वाजायला लागली, वीज गेली की वाजते ती. मी त्यांच्या मागोमाग आत गेले.

स्वयंपाकघरात धूर दिसत नव्हता. पण डोळे चुरचुरले आणि घशाशी पेट्रोलची कडू चव आली. मागचं दार गोधडीनं बंद केलेलं, तरी खालच्या फटीतून सगळं आत येत होतं. पुढच्या खोलीत वहिनी अर्धवट झोपेत होत्या. मी हाक मारली तर नुसतं “डोकं” म्हणाल्या. “सकाळपासून डोकं.”

मी खिडक्या उघडल्या, नळी सिलिंडरला लावली, आणि चेअरमन बाईंना हाक मारली. वहिनींना आम्ही खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. शेजारचा भाडेकरू झोपेतून उठून बनियनवरच धावला होता, सिलिंडर त्यानं उचलला. कडुलिंबाखाली मोकळ्या हवेत वहिनी हळूहळू सावध झाल्या. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले ताबडतोब घेऊन या. रिक्षा आली. जनरेटरच्या धुरात वास नसलेला एक विषारी वायू असतो, तो बंद जागेत साठला की माणूस झोपेतच जातो, हे डॉक्टरांनी तिथे आम्हाला सांगितलं. उशीर झाला असता तर काय, हे मी विचारलं नाही. भाऊंनी विचारलं. डॉक्टरांनी सांगितलंही.

वहिनी दुसऱ्या दिवशी घरी आल्या. भाऊ मात्र त्या दिवसापासून बाहेर यायचे बंद झाले.

लाइनमन पुढच्या खेपेला आला तेव्हा भाऊ त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. ती दोन पिनांची वायरही बरोबर आणली होती, का ते मला कळलं नाही. त्यानं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. “ही वायर नाय काका, ही सुरी हाय. दोन्ही बाजूला पातं. एक टोक काढलं की उघड्या पिनांत लाईट. तुमीच गेले असते.” मग ती गुंडाळत म्हणाला, “हात नका जोडू. तुमी माज्या बापाच्या वयाचे.” त्यानं वर तक्रार केली नाही. भाऊंना वाटत होतं त्यानं करावी.

तक्रार झाली असती तर दंड झाला असता, तो भरला असता, काहीतरी मिटलं असतं. तसं काही झालं नाही. गल्लीत कोणी एक शब्द काढला नाही. सगळे त्यांच्याशी पहिल्यापेक्षा जास्त गोड बोलायला लागले. भाऊंसारख्याला त्याहून मोठी शिक्षा नव्हती.

दहा-बारा दिवसांनी वहिनींनी मला बोलावून घेतलं. चेअरमन बाईही आल्या. भाऊंनी चहा केला, कप ठेवले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

“सांगा यांना,” वहिनी म्हणाल्या. “जनरेटर विकायला काढलाय.”

“विकतोय,” भाऊ म्हणाले. “सिलिंडर आहे ना. दुसरा आणून ठेवीन.”

मी हिशेब मांडला. सिलिंडर किती तास पुरतो, केबल जळाली की लाईट किती तास जाते, भरलेला सिलिंडर मिळायला किती वेळ लागतो. आकडे जुळत नव्हते. भाऊंनी नेहमीच्या आदरानं ऐकलं.

“भाऊ, टेन्शन घेऊ नका हो,” चेअरमन बाई म्हणाल्या. “चूक झाली, झाली. आता नीट जोडून घेऊ. लोकांकडे जनरेटर नसतात का?”

“लोकांचं माहीत नाही,” भाऊ म्हणाले. मग ते कधी नव्हे ते सलग बोलले.

“आमच्या गावात खांब आले तेव्हा मी शाळेत होतो. देवळापर्यंत आले. बौद्धवाडीकडे नाही आले. आज येतील, उद्या येतील. माझी दहावी झाली तरी नाही आले. संध्याकाळी वाडीतून वर बघितलं की गाव दिसायचं, सगळ्या खिडक्या दिसायच्या. माझा बाप गावाकडे पाठ करून जेवायला बसायचा. मी बघत बसायचो. त्या लोकांनी आमचं काही वाईट केलं नव्हतं त्या वेळी. ते आपले घरात बसले होते, लाईट लावून. तरी राग यायचा.” त्यांनी बाहेर बोट दाखवलं. “आता मी आत आणि तुम्ही सगळे बाहेर. तुमच्यातलं कोण पाठ करून बसलंय, ते बघायला मी बाहेर येतो.”

 मी कपाकडे बघत राहिले.

वहिनींनी एक लांब श्वास घेतला. बोलण्यासाठी त्यांना तो घ्यावाच लागे. “यांना लाज वाटते,” त्या म्हणाल्या, “म्हणून मी श्वास घ्यायचा नाही का?”

 भाऊ खाली बसले, जमिनीवरच, पलंगाच्या पायाशी. म्हणाले, “कुठला माणूस बोलवायचा, सांगा.”

घणसोली गावातल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं मीटरच्या खाली एक लोखंडी डबा बसवला. त्याला चेंजओव्हर म्हणतात. बाहेर एक दांडा. इलेक्ट्रिशियननं भाऊंना समोर उभं करून दाखवलं. “दांडा वर, कंपनीची लाईट. खाली, जनरेटरची. मध्ये, काहीच नाही. दोन्ही एकदम होतच नाही. आतली पट्टी एकीकडून सुटल्याशिवाय दुसरीकडे लागत नाही.”

“मी विसरलो तरी?”

“विसरलात तरी.”

भाऊंनी विचारलं, “आणि समजा, कोणाला सांगायचं राहून गेलं तरी?”

इलेक्ट्रिशियनला प्रश्न कळला नाही. “तरी,” तो म्हणाला.

भाऊंनी त्या दांड्यावर हात ठेवला आणि काढला.

वहिनींच्या खोलीची वायरिंग तेवढी वेगळी करून त्या डब्यावर घेतली. लोड मी काढला: ऑक्सिजनचं मशीन, एक पंखा, एक ट्यूब. फ्रिज नाही, पाण्याची मोटार नाही. अर्थिंगसाठी वेगळा खड्डा केला. प्लगमध्ये उलटी वायर घालायचं कामच उरलं नाही. भिंतीवर बाहेरच्या बाजूला एक झाकणाचा सॉकेट बसवला, जनरेटरची जाड वायर तिथे यायची. आणि जनरेटर उघड्यावर. गल्लीच्या टोकाला सोसायटीची मोकळी जागा आहे, कुठल्याच खिडकीच्या जवळ नाही. तिथे चार खांब आणि वर पत्रा, भिंत एकही नाही.

भाऊ म्हणाले, “ती सगळ्यांची जागा आहे.”

“म्हणूनच मीटिंग घेतलीय,” चेअरमन बाई म्हणाल्या. “हात वर करा रे.”

सगळ्यांनी आनंदानं हात वर केले असं मी लिहिणार नाही. दोघांनी आवाजाचं काढलं, एकानं पेट्रोल उघड्यावर ठेवण्याचं काढलं, आणि ते बरोबरच होतं. पेट्रोल तिथे ठेवायचं नाही असं ठरलं. शेजारचा भाडेकरू म्हणाला, “आवाज तर होणारच. करा.” एवढंच. शेवटी हात वर झाले. भाऊंनी मतदानात भाग घेतला नाही, त्यांना ते बरं वाटलं नाही.

त्यानंतर पहिल्यांदा लाईट गेली त्या संध्याकाळी काय झालं ते सांगते. क्रम असा होता: वहिनींना सिलिंडरवर घ्यायचं, जनरेटर चालू करायचा, तो स्थिर झाला की दांडा खाली, मग सिलिंडर बंद. वहिनी सिलिंडरवर गेल्या. भाऊ बाहेर पडले. आणि जनरेटरकडे न जाता ते पहिल्या घराच्या दाराशी गेले.

“आता चालू करतोय हं. चालेल ना?”

मग दुसऱ्या घरी. मग तिसऱ्या. मी मागून सांगतेय की भाऊ, ठराव झालाय, तुम्ही चालू करा. ते म्हणाले, “ठराव वेगळा. सांगितलेलं बरं.” अर्धी गल्ली झाली तेव्हा खिडकीतून वहिनींचा आवाज आला. किती श्वास साठवला असेल त्यासाठी कोण जाणे. “सेक्टरची परवानगी मिळाली का? की ठाण्यालाही विचारून येताय?”

सगळी गल्ली हसली. भाऊही हसले, मान खाली घालून, आणि जनरेटरची दोरी ओढायला पळाले. मग परत येऊन आमच्यात बसले. वहिनींच्या खोलीत पंखा फिरत होता. तो लावायला वहिनींनी त्यांना सांगितलं होतं, की त्यांनी स्वतःच लावला, ते मला माहीत नाही.

असं दोन उन्हाळे चाललं.

आम्ही सगळे वहिनींची काळजी करत होतो. गेले भाऊ. सकाळी दूध आणायला निघाले आणि फाटकाशीच खाली बसले. छातीत दुखत होतं. रिक्षात घालताना रिक्षावाल्याला म्हणाले, “दादा, तुमचा रस्ता उलटा नाही ना?” हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी सोबत होते. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि त्यांनी तो दोनदा हळूच सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मला अवघडल्यासारखं होईल म्हणून असावं.

त्यांची लेक पनवेलहून येऊन वहिनींजवळ राहिली. दिवसभर नोकरीला जायची. एका संध्याकाळी ती अजून यायची होती आणि लाईट गेली. मी आधी वहिनींना सिलिंडरवर घेतलं आणि बाहेर धावले. मोकळ्या जागेत शेजारचा भाडेकरू आधीच दोरी ओढत होता. मी घरात जाऊन दांडा खाली केला. वहिनींच्या मशीनचा सूर लागला. सिलिंडर बंद केला. कोणाच्याही दाराशी कोणीही गेलं नाही.

मी निघणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, “तुमच्या हिशेबात अजून एक दिवा बसतो का?”

“कुठे हवाय?”

“बाहेर. दारावर.”

मी म्हटलं, बसतो. त्यांनी कपाटातून एक बल्ब काढायला लावला, होल्डर आणि वायर त्यांनी लेकीकडून आधीच आणवून ठेवली होती. भाडेकरूनं येऊन ती खोलीतल्या प्लगवरून खिडकीतून बाहेर काढली आणि दाराच्या वरच्या खिळ्याला अडकवली. बटण दाबलं. उजेड ओट्यावरून खाली उतरून गल्लीच्या मध्यापर्यंत गेला. कडुलिंबाखाली बसलेल्या लोकांनी माना वळवल्या. मग चेअरमन बाईंनी निवडायला घेतलेली मेथी उचलली आणि त्या उजेडात येऊन बसल्या. त्यांच्या मागून आणखी दोघी आल्या.

नऊ वॅटचा बल्ब होता. जनरेटरला तो जाणवलाही नाही. भाऊ होते तेव्हा लोडचा कागद मीच केला होता. मशीनचे किती, पंख्याचे किती, ट्यूबचे किती, सगळं लिहून वर बरीच वीज शिल्लक दाखवली होती. ती शिल्लक कशासाठी, असं मला कोणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही. भाऊंनी आम्हाला त्यांच्या बापाची पाठ सांगितली होती. त्यानंतर दोन उन्हाळे ते अंधारात आमची तोंडं निरखत बसले. हा बल्ब तेव्हाच बसला असता.

“या ना,” चेअरमन बाई मला म्हणाल्या. “जागा आहे.”

मी हो म्हटलं. पण मी उजेडाच्या कडेशीच उभी राहिले.